बेसबॉलमध्ये खेळाडूची जागा बदलताना : नव्या कोचसाठी पायरीपायरीने

अमेरिकेत गावोगावच्या मुलांच्या बेसबॉल लीग पालकांच्या जिवावर चालतात. न्यू जर्सीत, बे एरियात, शिकागोच्या आसपास आता कितीतरी मराठी आई-बाबा मैदानाच्या कडेला नुसते खुर्ची टाकून बसत नाहीत. कुणी स्कोअर लिहितं, कुणी फर्स्ट बेसपाशी कोच म्हणून उभं राहतं, आणि एखाद्या वर्षी अख्खा संघच अंगावर येतो. मग थोड्याच दिवसांत एक प्रश्न पडतो : हा मुलगा शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेवर) कमी पडतोय, याला हलवू का? हलवायचं तर कुठे, आणि कसं? हा लेख त्या प्रश्नापुरता आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. "हात चांगले आहेत, कुठेही खेळेल," असं मैदानावर सर्रास ऐकू येतं. हात खरोखरच नव्या जागी तसेच सोबत येतात. नव्याने शिकवावे लागतात ते डोळे आणि पाय. चेंडू बॅटवरून निघाला की तो कुठे जाणार हे ज्या कोनातून ओळखायची सवय असते, तो कोन जागेबरोबर बदलतो. त्यामुळे पहिलं पाऊल चुकतं, आणि पहिलं पाऊल चुकलं की उत्तम हातसुद्धा चेंडूपाशी वेळेवर पोचत नाहीत. म्हणून सरावात आधी पाऊल, मग झेल, आणि थ्रो सगळ्यांत शेवटी.

स्कोअरबुकात जागांना आकडे असतात, ते पाठ करून टाका : पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे बसून तो घेणारा) २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट फील्ड ७, सेंटर फील्ड ८, राइट फील्ड ९. ३ ते ६ या बेसजवळच्या जागा म्हणजे इनफिल्ड, ७ ते ९ या मागच्या जागा म्हणजे आउटफिल्ड. शॉर्टस्टॉपने चेंडू सेकंडला दिला आणि तिथून तो फर्स्टला गेला, तर तो डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन बाद) ६-४-३ असा लिहितात.

पायरी १ : का बदलायचं ते स्वतःशी स्पष्ट करा

मुलांच्या बेसबॉलमधलं सगळ्यांत मोठं कारण मैदानात दडलेलं असतं. बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगमध्ये दोन बेसमधलं अंतर ६० फूट आणि पिचर ४६ फुटांवर. त्यानंतर ५०/७० नावाचा मधला टप्पा आहे : पिचर ५० फुटांवर, बेस ७० फुटांवर. आणि मग थेट मोठ्यांचं मैदान, ९० फुटांचे बेस आणि ६० फूट ६ इंचांवर पिचर. थर्ड बेसवरून फर्स्टकडे जाणारा तिरका थ्रो लहान मैदानावर साधारण ८५ फुटांचा असतो. मोठ्या मैदानावर तोच १२७ फुटांच्या वर जातो. शॉर्टस्टॉपचा थ्रोही त्याच प्रमाणात लांबतो. गेल्या वर्षी शॉर्टस्टॉपला चमकलेल्या मुलाचा चेंडू यंदा फर्स्टपर्यंत दोन टप्पे खात येतो, तेव्हा मुलगा बिघडलेला नसतो. मैदान वाढलं, खांदा अजून वाढायचाय, एवढंच. अशा मुलाला सेकंड बेसला आणलं की थ्रो एकदम छोटा होतो आणि त्याची चपळाई वाया जात नाही. वर्ष-दोन वर्षांत अंगात जोर आला की तो परत जाऊ शकतो.

महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल खेळून मग बेसबॉलकडे वळणाऱ्यांनाही हेच भोवतं. सॉफ्टबॉलचे बेस ६० फुटांवर, बेसबॉलचे ९० वर. सॉफ्टबॉलचा नावाजलेला शॉर्टस्टॉप बेसबॉलमध्ये आपोआप शॉर्टस्टॉप होईल असं धरून चालू नका. आधी त्याचा थ्रो पाहा.

दुसरं कारण दुखापत. अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक लीगमधली उदाहरणं घ्या. मिलवॉकीचा रॉबिन याउंट खांद्यामुळे १९८५ मध्ये शॉर्टस्टॉप सोडून आउटफिल्डला गेला. १९८२ मध्ये शॉर्टस्टॉप म्हणून त्याला एमव्हीपीचा (हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा) मान मिळाला होता, १९८९ मध्ये सेंटर फील्डर म्हणून पुन्हा मिळाला. मिनेसोटाचा जो मावर २०१३ मध्ये डोक्याला मार बसल्यावर कॅचरची जागा सोडून पुढच्या वर्षी फर्स्ट बेसला आला. फिलाडेल्फियाच्या ब्राइस हार्परच्या कोपरावर नोव्हेंबर २०२२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यात संघाचा फर्स्ट बेसमन रिस हॉस्किन्स २०२३ च्या हंगामाआधीच गुडघ्याने जायबंदी झाला, आणि त्या जुलैमध्ये राइट फील्डचा हार्पर फर्स्ट बेसला उभा राहिला.

तिसरं कारण संघाची गरज. २००४ मध्ये अॅलेक्स रॉड्रिग्ज न्यूयॉर्क यांकीजकडे आला तेव्हा शॉर्टस्टॉपला डेरेक जीटर होता, म्हणून रॉड्रिग्ज थर्डला गेला. सॅन डिएगोत तर साखळीच झाली : झँडर बोगार्ट्स शॉर्टस्टॉपला आला आणि फर्नांडो तातीस धाकटा २०२३ मध्ये राइट फील्डला गेला. त्याच वर्षी तातीसला तिथे गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळाला. पुढच्या वर्षी किम हा-सोंगसाठी बोगार्ट्सच सेकंडला सरकला.

एका कारणासाठी मात्र जागा कधीच बदलू नका : शिक्षा म्हणून. लागोपाठ दोन सामन्यांत चेंडू पायांतून गेले की कोचला राग येतो आणि मुलगा पुढच्या इनिंगला राइट फील्डला दिसतो. चूक त्याच जागी दुरुस्त होण्यासारखी आहे का, हे आधी तपासा. ओकलंडच्या मार्कस सेमियनने २०१५ मध्ये शॉर्टस्टॉपला ३५ एरर (क्षेत्ररक्षणातल्या चुका) केले होते. त्याला हलवलं नाही. इनफिल्ड कोच रॉन वॉशिंग्टनने त्याच्याकडून रोज गुडघ्यावर बसवून, हाताने टाकलेल्या चेंडूंपासून सगळं पुन्हा घटवून घेतलं आणि तो तिथे पक्का झाला. पुढे २०२१ मध्ये टोरांटोत तो सेकंडला गेला, तो बो बिशेट शॉर्टस्टॉपला होता म्हणून. आणि तिथे त्याने गोल्ड ग्लव्ह पटकावला.

पायरी २ : कुठे हलवायचं

बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांनी जागांची एक चढण मांडली आहे. सोप्याकडून अवघडाकडे ती साधारण अशी : फर्स्ट, लेफ्ट, राइट, थर्ड, सेंटर, सेकंड, शॉर्टस्टॉप. पिचर आणि कॅचर या चढणीच्या बाहेर, कारण त्यांची कामंच निराळी. वय वाढलं, पाय मंदावले की खेळाडू या चढणीवरून खाली येतो. वर चढणारे थोडे. बॉल्टिमोरच्या कॅल रिपकनला १९८२ च्या जुलैत मॅनेजर अर्ल वीव्हरने थर्डवरून शॉर्टस्टॉपला नेलं, तेव्हा सहा फूट चार इंचांचा माणूस त्या जागेला फार मोठा असं मानणारे खूप होते. मुकी बेट्स तर राइट फील्डला सहा गोल्ड ग्लव्ह मिळवल्यावर, तिशी ओलांडून लॉस एंजेलिस डॉजर्ससाठी शॉर्टस्टॉप झाला.

ही चढण मोठ्यांसाठी बरोबर आहे. बारा वर्षांच्या मुलांना ती जशीच्या तशी लावली तर फसाल. या वयात इनफिल्डचे थ्रो वाटेल तिकडे जातात, त्यामुळे फर्स्ट बेस ही अवघड आणि थोडी धोक्याची जागा होते. चेंडूला बिचकणाऱ्या मुलाला "सोपी जागा" म्हणून तिथे ठेवणं मला अजिबात पटत नाही. राइट फील्डचंही तसंच. वेगवान पिचरसमोर उजव्या हाताच्या मुलांची बॅट उशिरा येते आणि चेंडू नेमके उजवीकडे उडतात.

मग निवड करताना काय पाहायचं? डावखुऱ्याचा प्रश्न आधी सोडवा : डाव्या हाताने थ्रो करणारा खेळाडू फर्स्ट, आउटफिल्ड किंवा पिचर. सेकंड, शॉर्टस्टॉप आणि थर्डवरून फर्स्टला थ्रो करताना डावखुऱ्याला अंग वळवून घ्यावं लागतं, आणि तेवढ्यात रनर बेसवर पोचलेला असतो. फर्स्टला मात्र डावखुरा सरसच : ग्लव्ह उजव्या हातात, म्हणजे इनफिल्डच्या बाजूला, आणि सेकंडकडे थ्रो करायला वळावं लागत नाही. उजव्या हाताच्यांमध्ये जोरदार खांदा पण मध्यम पळ असेल तर थर्ड किंवा राइट फील्ड. पाय चपळ, खांदा बेताचा असेल तर सेकंड. लांब पळणारा आणि उडालेल्या चेंडूचा अंदाज पटकन येणारा सेंटरला.

स्वभावही पाहा. थर्डला चेंडू इतक्या लवकर अंगावर येतो की विचाराला वेळच नसतो. सेंटरला उलट दहा-दहा मिनिटं काहीच येत नाही आणि तरी प्रत्येक पिचला (पिचरने टाकलेल्या चेंडूला) जागं राहावं लागतं. सगळ्यांना दोन्ही जमत नाही.

पायरी ३ : खेळाडूशी बोला, आधी आणि एकट्याशी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मुलाला नवी जागा कळते ती डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागेत) लावलेल्या यादीवरून, सगळ्यांच्या देखत. मोठ्या लीगमध्येही हे नीट झालं नाही तर काय होतं ते २०२५ मध्ये बॉस्टनला दिसलं. अॅलेक्स ब्रेगमन आल्यावर राफाएल डेव्हर्सला थर्डवरून काढून नुसतं बॅटिंगला ठेवलं. मेमध्ये फर्स्ट बेसमन जायबंदी झाल्यावर त्याला फर्स्टला खेळशील का म्हणून विचारलं. त्याने उघड नकार दिला आणि जूनमध्ये त्याची सॅन फ्रान्सिस्कोला रवानगी झाली. तिथे तो फर्स्ट बेसला खेळला. म्हणजे जागेचं वावडं नव्हतं.

सराव संपल्यावर चेंडू गोळा करताना बोललेलं चांगलं. माझ्या संघात ज्याला मी शॉर्टस्टॉपवरून सेंटरला नेलं, त्याने पहिला प्रश्न हाच विचारला :

"काकू, मी नीट खेळत नाही म्हणून का?"

"नाही रे. चेंडू उडाला की सगळ्यांत आधी तुझे पाय हलतात. मागे एवढी मोठी जागा मोकळी आहे, तिथे मला तूच हवायस."

"मग शॉर्टला परत कधी?"

"मे संपेपर्यंत सेंटर शिकू. मग आपण दोघं बसून ठरवू. तोवर बुधवारी सरावात शॉर्टला थोडे चेंडू घ्यायचे, ते चालूच."

कारण खरं सांगा आणि मुदत सांगा. जे तुमच्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नका. त्याच दिवशी घरच्यांनाही फोन करा. शॉर्टस्टॉप म्हणजे मानाची जागा, बाकी सगळी उतरंड, अशी समजूत आपल्याकडच्या पालकांतही पक्की असते. ती शांतपणे दूर केली नाही, तर मुलगा मैदानावर एक ऐकतो आणि गाडीत दुसरं.

पायरी ४ : ग्लव्ह

सेकंड-शॉर्टस्टॉपचा ग्लव्ह लहान असतो, साधारण सव्वाअकरा ते पावणेबारा इंच, कारण त्यातून चेंडू चटकन काढायचा असतो. थर्डला थोडा मोठा. आउटफिल्डचा साडेबारा इंचांच्या पुढचा आणि खोल. ही मोठ्यांची मापं झाली. लहान हाताला मोठा ग्लव्ह देऊ नका. फर्स्टची मिट वेगळ्या घडणीची असते आणि ती फर्स्ट बेसमनलाच वापरता येते. कॅचरची मिट फक्त कॅचरला. नवीन मिट लगेच विकत घ्यायला लावू नका, पहिले काही आठवडे संघाच्या सामानातली पुरते. पण सामन्याआधी त्याच मिटने भरपूर झेल झालेले असू द्या.

पायरी ५ : सराव

सगळ्या जागांना सारखी लागू असलेली एक सवय आहे. पिच प्लेटपाशी (बॅटरपाशी) पोचते त्या क्षणी क्षेत्ररक्षक छोटीशी उडी घेतल्यासारखा दोन्ही पायांच्या चवड्यांवर येतो. टाचा टेकलेल्या असतील तर पहिलं पाऊल उशिरा पडतं. नवी जागा मिळालेला खेळाडू काळजीपोटी आधीच वाकून, ताठरून थांबतो आणि नेमकी हीच उडी विसरतो. सरावात तुम्ही चेंडूकडे न बघता त्याच्या पायांकडे बघा.

चेंडू आधी हाताने टाका. पंधरा-वीस फुटांवरून, गुडघ्यावर बसून, हळू. मग फंगो बॅटने (सरावात चेंडू मारून द्यायची हलकी बॅट). पण फंगोवर फार दिवस काढू नका : तुम्ही स्वतः उडवून मारलेल्या चेंडूची फिरकी आणि वेळ पिचवर मारलेल्या चेंडूपेक्षा वेगळी असते. डोळे खरे तयार होतात ते बॅटिंगच्या सरावात. इतर मुलं बॅटिंग करत असताना या खेळाडूला नव्या जागी उभं करा, आणि प्रत्येक चेंडूला फक्त पहिली तीन पावलं टाकायला सांगा. चेंडू त्याच्याकडे येवो वा न येवो. माझ्या मते जागा बदलण्याच्या साऱ्या सरावात याहून मोलाचं काही नाही. खर्च शून्य, वेगळा वेळही लागत नाही.

इनफिल्डमधून आउटफिल्डला. इनफिल्डरची सवय पुढे धावण्याची. आउटफिल्डला तीच नडते : सरळ अंगावर उडालेला चेंडू पाहून तो दोन पावलं पुढे येतो आणि चेंडू डोक्यावरून जातो. सरळ रेषेत येणाऱ्या चेंडूची खोली डोळ्यांना सगळ्यांत उशिरा कळते. म्हणून पहिलं शिकवायचं ते मागे वळणारं पाऊल : ज्या खांद्याच्या बाजूला चेंडू आहे त्या बाजूचा पाय मागे टाकून कंबर उघडायची आणि मग पळायचं. उलट्या पावलांनी मागे सरकायचं नाही. वेगही जातो आणि पडायला होतं. हे चेंडूशिवाय शिकवा. तुम्ही हाताने डावी-उजवी बाजू दाखवा, त्याने पाऊल टाकावं. मग टेनिसचा चेंडू खांद्यावरून टाका. ग्लव्ह पुढे धरून पळू देऊ नका, पळताना हात हलले पाहिजेत. आणि चवड्यांवर पळायला लावा. टाचा आपटत पळलं की नजर हादरते आणि चेंडू हवेत नाचताना दिसतो.

जमिनीवरून येणाऱ्या चेंडूबाबत क्रिकेट खेळून आलेल्या मुलांची एक सवय बघून ठेवा. गुडघा टेकून अंग आडवं घालण्याची लाँग बॅरियरची पद्धत त्यांच्या अंगात मुरलेली असते. बेसवर कुणी नसेल आणि मैदान खडबडीत असेल तर ती इथेही चालते. रनर पळत असेल तेव्हा मात्र पुढे येत, चेंडू ग्लव्हच्या बाजूच्या पायाजवळ उचलून त्याच वेगात थ्रो करायचा असतो. थ्रोची ढबही बदलते : इनफिल्डचा आखूड, कानाजवळून झटकलेला थ्रो आउटफिल्डला पुरत नाही. एक छोटी उडी, हात पूर्ण मागे, चेंडू डोक्यावरून. हे अंतर हळूहळू वाढवा. नऊ ते चौदा वयाच्या मुलांत कोपर आणि खांद्याची हाडं वाढत असतात. दुखतंय म्हणाला की त्या दिवशीचे थ्रो तिथेच बंद, आणि दुखणं राहिलं तर डॉक्टर.

फर्स्ट बेसला. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त खेळाडू इथेच पाठवले जातात आणि सगळ्यांत कमी शिकवूनही इथेच.

नवा फर्स्ट बेसमन चेंडू मारला गेला की बॅग (बेसची गादी) न बघता तिच्यावर पाय ठेवायला जातो आणि चाचपडतो. क्रम असा शिकवा. चेंडू मारला, तो आपल्याकडे नाही हे कळलं, की लगेच पळत बॅगपाशी. दोन्ही टाचा बॅगच्या आतल्या कडेला हलकेच लागलेल्या, छाती थ्रो करणाऱ्याकडे. आता थांबायचं. थ्रो हातातून सुटून कुठे येतोय हे दिसल्यावरच थ्रो करण्याच्या हाताच्या बाजूचा पाय बॅगच्या कडेवर ठेवायचा, म्हणजे उजव्या हाताच्याने उजवा पाय, आणि दुसरा पाय चेंडूकडे लांबवायचा. नवखे उलटं करतात : आधीच अंग ताणून बसतात, आणि थ्रो दोन फूट बाजूला आला की हलताच येत नाही. पाय बॅगच्या मधोमध ठेवू देऊ नका, रनरचा पाय त्यावर पडतो.

हे शिकवताना मिट बाजूला ठेवा. मुलगा बॅगपासून पंधरा पावलांवर उभा. तुम्ही "गेला" म्हणालात की त्याने पळत यावं, टाचेने बॅग शोधावी, आणि तुमच्या बोटाकडे बघून त्या बाजूला पाय टाकावा. खाली न बघता टाच बॅगला लागते आहे असं दिसलं की मग चेंडू. आधी छातीवर, मग डावी-उजवीकडे, मग टप्पा पडून येणारे. टप्प्याच्या चेंडूला मिट आधीच जमिनीलगत हवी; खालून वर येणं सोपं, वरून खाली जाणं उशिराचं. सुरुवातीला टेनिसचे चेंडू घ्या म्हणजे तोंड फिरवायची सवय लागत नाही.

आणि एक नियम पहिल्याच दिवशी : थ्रो फार बाहेर असेल तर बॅग सोड, चेंडू वाचव. रनर फर्स्टवर राहिला तर बिघडत नाही. चेंडू कुंपणापर्यंत गेला की तो थर्डला असतो.

पुढची अडचण फर्स्ट आणि सेकंडच्या मधून जाणाऱ्या चेंडूची. आउटफिल्डमधून आलेला खेळाडू आपल्या उजवीकडच्या प्रत्येक चेंडूवर झेपावतो, सेकंड बेसमनचाही चेंडू घ्यायला जातो आणि बॅग ओस पडते. दोन-तीन पावलांत येणारा चेंडू तुझा, बाकीचा सेकंडचा, तू बॅगवर जा, असं सांगा. आणि पिचरला सांगा की मैदानाच्या उजव्या बाजूला चेंडू गेला की विचार न करता फर्स्टकडे पळायचं. मग फर्स्ट बेसमनने चेंडू त्याला खालून, छातीच्या उंचीवर, बॅगच्या एक-दोन पावलं आधी द्यायचा. ही देवाणघेवाण दोघांनी मिळूनच घटवावी लागते. एकट्याने नाही होत.

रनरला बेसजवळ धरून ठेवण्याचं काम बारा वर्षांखाली शिकवू नका, कारण ६० फुटांच्या लिटल लीगमध्ये पिच बॅटरपाशी पोचेपर्यंत रनरला बेस सोडताच येत नाही. ५०/७० पासून तो आधी पुढे सरकू शकतो, तेव्हा शिकवा.

शॉर्टस्टॉपवरून सेकंडला. थ्रो छोटा झाला म्हणून ही बदली सोपी वाटते. पण डबल प्लेचा सगळा कोन उलटतो. शॉर्टस्टॉपला सेकंडवर येताना फर्स्ट समोर दिसतो आणि पळत येणारा रनरही. सेकंड बेसमनची नजर चेंडूकडे असते आणि रनर त्याच्या आंधळ्या बाजूने येतो. २०१५ च्या प्लेऑफमध्ये सेकंडकडे घसरत आलेल्या रनरच्या, चेस अटलीच्या, धडकेने शॉर्टस्टॉप रूबेन तेहादाचा पाय मोडला, तेव्हा तेहादाही असाच पाठमोरा वळत होता. पुढच्याच वर्षी मोठ्या लीगने रनरने बेसकडेच घसरलं पाहिजे असा नियम कडक केला. मुलांना पहिल्यापासून सुरक्षित पावलं शिकवा : बॅगवर लवकर पोचायचं, डावा पाय बॅगवर, चेंडू दोन्ही हातांनी छातीपाशी, मग उजव्या पायावर मागे येत थ्रो. जोर नंतर येतो.

थर्डला जाणाऱ्यासाठी दोनच गोष्टी. शॉर्टस्टॉपपेक्षा जास्त वाकून उभं राहायला हवं, आणि बंट (बॅट नुसती लावून जवळच टाकलेला चेंडू) किंवा मंद घरंगळणाऱ्या चेंडूवर पुढे धावत येऊन धावतानाच थ्रो करण्याचा सराव रोज हवा.

कॅचरबद्दल सावध राहा. ती बदली नाही, नवी विद्या आहे : अडवणं, घेणं, थ्रो, आणि पिचरला सांभाळणं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बस्टर पोझी कॉलेजात शॉर्टस्टॉपचा कॅचर झाला. ह्यूस्टनचा क्रेग बिजिओ १९९२ मध्ये कॅचरचा सेकंड बेसमन झाला. दोन्ही दिशांना वाट आहे, पण घाईची नाही. मुलगा पिचिंगही करत असेल तर लिटल लीगचा नियम लक्षात ठेवा : ज्याने ४१ किंवा जास्त पिच टाकल्या तो त्या दिवशी कॅचर होऊ शकत नाही, आणि ज्याने चार इनिंग कॅचिंग केलं तो त्या दिवशी पिच टाकू शकत नाही.

पायरी ६ : चेंडू नसताना करायची कामं

नव्या जागेचा अर्धा भाग चेंडूशिवायचा असतो. राइट फील्डर इनफिल्डच्या प्रत्येक थ्रोला फर्स्टच्या मागे पळतो. लेफ्ट फील्डर थर्डच्या मागे. उडालेल्या चेंडूवर सेंटर फील्डरचा शब्द शेवटचा. त्याने हाक दिली की बाकीचे बाजूला. जो कालपर्यंत शॉर्टस्टॉपला होता तो अशा वेळी गप्प बसतो, कारण हाक देण्याची सवय वेगळ्या अंतराची असते. मोठ्याने ओरडायला लावा, सरावातही. कटऑफला (आउटफिल्डचा लांब थ्रो मध्येच घेऊन पुढे देताना) कुणी कुठे उभं राहायचं हे कागदावर मैदान काढून, नाणी सरकवून घरी दहा मिनिटांत शिकवता येतं.

पायरी ७ : सामन्यात कधी

कॅन्सस सिटीचा अॅलेक्स गॉर्डन थर्ड बेसला अडखळत होता. २०१० मध्ये त्याला खालच्या लीगमध्ये ओमाहाला धाडलं आणि तिथे त्याने लेफ्ट फील्ड शिकलं. परतल्यावर कारकिर्दीत त्याने तिथे आठ गोल्ड ग्लव्ह मिळवले. उलट बॉस्टनने २०१५ मध्ये हॅनली रामिरेझला, जन्मभराच्या इनफिल्डरला, थेट मोठ्या लीगमध्ये लेफ्ट फील्डला उतरवलं. एका हंगामात तो प्रयोग आटोपला आणि त्याला फर्स्टला आणावं लागलं. लेफ्ट फील्ड त्या चढणीवर खालचं आहे म्हणून शिकवण्याची गरज नाही, असं मानलं की असं होतं.

तुमच्याकडे खालची लीग नाही, पण आपसातले सामने आहेत, आणि मोठ्या आघाडीच्या शेवटच्या इनिंग आहेत. आधी तिथे. मग एखादा पूर्ण सामना, सलग सगळ्या इनिंग त्याच जागी. इनिंगमागे जागा बदलत राहिलात तर डोळे कुठल्याच कोनाला सरावत नाहीत. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे लागू नाही; त्या वयात सगळ्यांनी सगळीकडे फिरावं. पहिल्या सामन्याआधी पिचरला आणि शेजारच्या दोन क्षेत्ररक्षकांना सांगून ठेवा, म्हणजे ते हाक देऊन मदत करतात.

पायरी ८ : वहीत काय लिहायचं

एररचा आकडा इथे फसवा आहे. ज्याचं पहिलं पाऊल उशिरा पडतं तो चेंडूपाशी पोचतच नाही, आणि न पोचलेल्या चेंडूला एरर लागत नाही. म्हणून प्रत्येक चेंडूमागे चार खुणा करा : पाऊल योग्य दिशेला पडलं का, चेंडूपाशी पोचला का, स्वच्छ घेतला का, थ्रो योग्य ठिकाणी गेला का. सुरुवातीच्या आठवड्यांत फक्त पहिल्या खुणेकडे लक्ष द्या. ती सुधारत असेल तर चेंडू हातातून निसटत असले तरी थांबा, बाकीचं येईल. महिनाभर झाला, हात स्वच्छ आहेत, पण पाऊल अजून चुकीच्या दिशेला पडतंय, तर जागेची निवड पुन्हा तपासा : सेंटरऐवजी लेफ्ट बघा, शॉर्टऐवजी सेकंड बघा.

ठरलेल्या मुदतीला वही घेऊन मुलासोबत बसा, खुणा त्याला दाखवा, आणि पुढच्या महिन्याची जागा त्याच्या समोरच लिहा.